आत्याच्या नावावरची पाच वर्षं

भाचीच्या गणिताप्रमाणे आत्या तीनशे चाळीस मतांनी निवडून येणार होती. चूक झालीच तर फार तर चाळीस मतांची, इकडे किंवा तिकडे. भाची नुकतीच संख्याशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली होती, आणि ज्या वयात माणसाला आपल्या चुकीचाही नेमका आकडा ठाऊक असतो त्या वयात होती.

"एवढं नक्की कशावरून?" आतोबांनी विचारलं. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते शिवणयंत्रं दुरुस्त करत, आणि कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत.

"नमुना पाहणीवरून. म्हणजे पाहणी अजून व्हायचीय. पण झाली की हेच निघणार."

"म्हणजे उत्तर आधी आणि गणित मागून."

"याला गृहीतक म्हणतात, आतोबा."

"आमच्याकडे याला अंदाज म्हणतात," आतोबा म्हणाले आणि यंत्राच्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडून मोकळे झाले.

आता भाचीच्या आत्मविश्वासाला अगदीच आधार नव्हता असं नाही. तो आधार म्हणजे खुद्द आत्या. ती एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडायच्या आणि बंद करायच्या कामावर होती. ती नोकरीला लागली तेव्हा शहर एवढंसं होतं. गेल्या दहा वर्षांत मात्र ते आठ हजार वस्तीचं एकतीस हजारांचं झालं. सकाळी कामाला जाताना जिथे मोकळं मैदान दिसायचं, तिथे पंधरा दिवसांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या बसलेल्या असायच्या. इमारती आधी झाल्या, रस्ते मागून आले, आणि पाणी अजून यायचं होतं. जे रस्ते झाले तेही घाईत, पाण्याच्या चेंबरांवर सरळ डांबर ओतून झाले. त्यामुळे शहराखाली किती व्हॉल्व्ह कुठे पुरले गेलेत हे कुठल्याही नकाशावर सापडत नसे. ते आत्याला विचारावं लागे.

मग आत्या यायची. शाळेच्या भिंतीला पाठ लावायची, बावीस पावलं चालायची, चप्पल आपटायची आणि म्हणायची, "इथे." खणलं की तिथेच. भाचीने एकदा फीत लावून सात ठिकाणी मोजून पाहिलं होतं. सर्वांत मोठी चूक एक वीत. त्या दिवसापासून आत्या तिच्या लेखी प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणापेक्षा वरची होती.

निवृत्त झाल्यावरही आत्याच्या पिशवीतला पान्हा निवृत्त झाला नाही. कुणाच्या इमारतीला पाणी आलं नाही की आत्या हजर. आणि तरीही तिला नगरसेविका व्हायचं होतं, त्याला एकच कारण होतं, ते म्हणजे टाकी.

शहराला पाणी देणारी उंच टाकी आठ हजार लोकांपुरती बांधलेली. दुसऱ्या टाकीसाठी प्रभागात एक भूखंड राखून ठेवलेला होता. त्यावर व्यापारी संकुल उभं करावं असा प्रस्ताव आता पुढे आला होता. टाकी की संकुल, हे नगरपालिकेच्या सभेत हात वर करून ठरायचं होतं, आणि निवडणुकीनंतरच्या पहिल्याच सभेत ठरायचं होतं.

"बाकी सगळं मी पान्ह्याने करते," आत्या म्हणाली होती. "हे एकच काम असं आहे, की त्याला खुर्चीवर बसून हात वर करावा लागतो."

प्रभागाचे मावळते नगरसेवक पुन्हा उभे होते. मावळते म्हणायचं आपलं, मुळात ते कधी उगवलेच नव्हते. पाच वर्षांपूर्वी प्रभागात जेमतेम तीनशे घरं असताना ते निवडून आले आणि आले तसे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले. तेव्हापासून त्यांना प्रभागात कुणी पाहिलं नव्हतं. असल्या माणसाला हरवणं म्हणजे भाचीच्या मते गणितही नव्हतं, नुसती वजाबाकी होती.

तिने सात प्रश्नांची प्रश्नावली छापली. दर पाचव्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं भरायची. पहिल्या दोन प्रश्नांत नाव आणि कुटुंबातली माणसं. तिसरा प्रश्न, "आपली मुख्य तक्रार कोणती?" इथेच घात झाला. आत्या तिसऱ्या प्रश्नापुढे कधी गेलीच नाही.

"तक्रार काय?"

"पाणी बारीक येतं हो, ताई."

"कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे."

"दाखवा मीटर."

झालं. प्रश्नावली खिडकीत, आत्या मीटरपाशी वाकलेली, आणि भाची हातात विजेरी धरून उभी. आठ दिवसांत एकोणीस घरं झाली, एकोणीस नळ सुधारले, आणि चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे सगळे रकाने कोरे. भाचीने विद्यापीठात अपुऱ्या माहितीवर एक अख्खा पेपर दिला होता, पण माहिती देणारा माणूसच बादली भरायला पळून जातो, असं उदाहरण त्यात नव्हतं.

शेवटी तिने आत्याला घरी बसवलं आणि स्वतः निघाली. तीन दिवसांत साठ घरं. सातही प्रश्न. परत आली ती पायरीवरच बसली.

"काय झालं?" आतोबांनी विचारलं. "तीनशे चाळीसचे तीनशे झाले?"

"पाचवा प्रश्न होता, आपले सध्याचे नगरसेवक कोण. साठपैकी चौदा जणांना माहीत नाही. चौघांनी आपल्या इमारतीच्या अध्यक्षांचं नाव सांगितलं. एकाने बरोबर सांगितलं, पण तो त्यांचा मेहुणा निघाला."

"आणि उरलेले एकेचाळीस?"

भाचीने आत्याकडे बोट दाखवलं.

आत्या पान्ह्याला कापड लावत होती. तिने मान वर केली. "मी?"

"तू. त्यांना वाटतं गेली पाच वर्षं तूच नगरसेविका आहेस. आणि बरोबरच आहे त्यांचं. तीन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या माणसाने समजायचं काय? एक बाई येते, तक्रार विचारते, काम करून जाते. दुसरं कोण असणार?"

"मग चांगलंच आहे की," आतोबा म्हणाले.

"सहावा प्रश्न ऐका. गेल्या पाच वर्षांच्या कारभारावर समाधानी आहात का? अडतीस जण नाही म्हणाले. टाकी झाली नाही, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. ताई स्वभावाने फार चांगल्या आहेत, पण पाच वर्षांत टाकी काही करू शकल्या नाहीत, असं म्हणतात. आणि सातवा प्रश्न, मत कुणाला देणार?" भाचीने कागद मिटला. "त्या दुसऱ्याला. म्हणतात, नवा माणूस आहे, एकदा संधी देऊन बघू."

यंत्राचं चाक फिरायचं थांबलं. ज्या माणसाने पाच वर्षांत काहीच केलं नव्हतं, त्याला काहीच न केल्यामुळे कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळखत नसल्यामुळे तो नवा ठरला होता. आणि त्याच्या पाच वर्षांचा सगळा राग बिनचूक आत्याच्या नावावर जमा झाला होता.

"रागावणारच," आत्या शांतपणे म्हणाली. "चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही हे खरंय."

"पण त्यात तुझा काय दोष?"

"दोष कुणाचा का असेना, बादली त्यांची रिकामी ना."

भाचीला आत्याचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी तिला धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने पत्रक काढलं. मोठ्या अक्षरांत, शास्त्रीय स्पष्टतेने, एकच वाक्य: आमच्या उमेदवार नगरसेविका नाहीत आणि यापूर्वी कधीही नव्हत्या. हजार प्रती वाटल्या. संध्याकाळपर्यंत प्रभागात बातमी पसरली की ताईंनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुधारली गेली. राजीनामा नाही, काढूनच टाकलं. दुपारी सात-आठ बायका आत्याचं सांत्वन करायला आल्या.

"मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या.

"अहो, पण मी नव्हतेच," आत्या म्हणाली.

"असंच म्हणायचं असतं," त्यांतली एक पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हणजे त्रास कमी होतो."

त्यांच्या पाठोपाठ निवृत्त प्राध्यापक आले. हे प्रभागातले विचारवंत. संध्याकाळी बागेच्या बाकावर बसून ते कुठल्याही विषयाच्या दोन्ही बाजू मांडत, आणि दोन्हींकडून जिंकत. त्यांनी पत्रक टेबलावर ठेवून हाताने सपाट केलं.

"ताई, तुमच्याविषयी आदर आहे. पण मी पदावर कधी नव्हतेच, असं छापून जबाबदारी झटकता येत नाही. इतिहास हा इतिहास असतो."

"सर, खरंच नव्हती हो ती," भाची म्हणाली. "मी कागद दाखवते."

"कागद काय, हासुद्धा कागदच आहे," प्राध्यापक म्हणाले आणि निघून गेले.

उरला एकच उपाय. भाचीने पान्हा कपाटात ठेवला, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि आत्याला हात जोडले. "मतदानाला नऊ दिवस आहेत. नऊ दिवस कुणाच्याही नळाला हात लावू नकोस. तू काम केलंस की तू नगरसेविका ठरतेस, आणि नगरसेविका ठरलीस की पडतेस. टाकी हवीय ना तुला?"

"हवीय," आत्या म्हणाली. तिने खरोखर मनापासून कबूल केलं. आणि साडेतीन तास ते पाळलं.

साडेतीन तासांनी मुख्य रस्त्यावर जलवाहिनी फुटली. पाणी कमरेइतकं उंच उडत होतं आणि ते नेमकं मावळत्या नगरसेवकांच्या नव्याकोऱ्या प्रचार कार्यालयात शिरत होतं. कार्यकर्ते खुर्च्यांवर चढून फोन करत होते. नगरपालिकेतून त्यांना शांतपणे उत्तर मिळालं, "तिथल्या ताईंना सांगा, त्यांना व्हॉल्व्ह माहितीय." भाची धावत पोहोचली तेव्हा आत्या आतोबांचा शिवणयंत्राचा पान्हा घेऊन रस्त्यात गुडघ्यावर बसली होती आणि फवारा हळूहळू खाली येत होता.

भोवती गर्दी जमलेली. "काय हा कारभार, ताई," एक जण म्हणाला. "पाच वर्षांत एक लाइन धड टाकता आली नाही?"

"लाइन जुनी आहे. बदलायला हवी," आत्या ओल्या चेहऱ्याने म्हणाली.

दारात उभे असलेले मावळते नगरसेवक हे सगळं पाहत होते. प्रभागात त्यांचा तो दुसरा दिवस. सुरुवातीला त्यांना काही कळेना. मग त्यांनी हळूच शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने कानात सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते लॉटरी लागलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. लॉटरीला निदान तिकीट तरी काढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पत्रकं आली. पाच वर्षं सोसलंत, आता बदल हवा. नवा चेहरा, नवी टाकी.

"यातला एक शब्दही तसा खोटा नाही," भाचीने निराशेने कबूल केलं. तिने नव्याने गणित मांडलं. आत्या दोनशे नव्वद मतांनी पडत होती. या वेळी चुकीचा आकडा तिने सांगितला नाही.

मतदानाच्या तीन दिवस आधी शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बसवायचं ठरलं. प्राध्यापक अध्यक्ष. सभागृह गच्च भरलं. मावळते नगरसेवक आधी बोलले आणि छान बोलले.

"या प्रभागाला पाच वर्षांत काय मिळालं?" त्यांनी विचारलं. "मी तुम्हाला विचारतो, काय मिळालं?"

"काही नाही," लोक म्हणाले.

"टाकी झाली?"

"नाही."

"जबाबदार कोण?" त्यांनी नाव घेतलं नाही. नुसतं शेजारच्या खुर्चीकडे सौजन्याने पाहिलं. टाळ्या पडल्या. स्वतःच्याच कारभारावर इतकी जोरदार टीका करून इतक्या टाळ्या मिळवणारा वक्ता भाचीने आधी कधी पाहिला नव्हता.

आत्या उठली. तिने भाषण आणलं नव्हतं. "विचारा," एवढंच म्हणाली.

चौथ्या मजल्यावर राहणारी नर्स उभी राहिली. रात्रपाळी करून आल्यावर रोज दोन बादल्या चार मजले चढवणारी बाई ती; तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ताई, तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही माझा नळ दोनदा दुरुस्त केलात. पण टाकी का नाही झाली, तेवढं सांगा."

"दीड वर्षापूर्वीच्या सभेत विषय आला होता," आत्या म्हणाली. "सतरा सदस्य. टाकीच्या बाजूने आठ, विरुद्ध आठ. एक गैरहजर. म्हणून विषय पुढे ढकलला."

"गैरहजर कोण होतं?"

"आपल्या प्रभागाचा सदस्य."

सभागृहात कुजबुज झाली. नर्सने चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही गैरहजर होतात?"

भाचीने डोळे मिटले.

"नाही, मी होते ना. अडीच तास बसले होते."

"मग हात का नाही वर केलात?"

"केला होता," आत्या म्हणाली. "पण मी मागच्या बाकावर होते. लोकांना ऐकायला बसू देतात तिथे. शिपाई येऊन म्हणाला, बाई, हात खाली घ्या, बाकावरची मतं मोजत नाहीत. मग घेतला खाली."

"आणि पुढे, खुर्चीवर कोण होतं?" प्राध्यापकांनी न राहवून विचारलं.

"कोणी नव्हतं. टेबलावर पाण्याचा पेला ठेवलेला होता, तो शेवटपर्यंत तसाच झाकलेला राहिला."

आत्या थांबली. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ती शेजारच्या खुर्चीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर डाव नव्हता, टोमणा नव्हता. भाचीने नंतर हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, पण खरोखर काहीच नव्हतं. ज्या आवाजात ती लोकांना नळाविषयी विचारायची, त्याच आवाजात तिने विचारलं, "साहेब, तुमची तब्येत बरी नव्हती का त्या दिवशी? मला काळजी वाटली होती. नंतरही कधी दिसला नाहीत."

इतक्या आपुलकीने तब्येत विचारली की माणूस विचार करत नाही, उत्तर देतो.

"हो, जरा कणकण होती," मावळते नगरसेवक म्हणाले. "तशी ती विषयपत्रिकाही उशिराच हातात..."

इथे ते थांबले. पण वाक्य पुढे निघून गेलं होतं आणि सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं होतं. इतकी शांतता झाली की पंख्याचं एक पातं वाकडं आहे हे सगळ्यांना ऐकू आलं.

"विषयपत्रिका तुमच्या हातात कशी येईल?" नर्सने सावकाश विचारलं.

प्राध्यापकांनी एकदा आत्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापाशी एकच बाजू उरली होती. "म्हणजे नवा चेहरा म्हणतात तो..."

"चेहरा नवाच आहे, सर," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्ही पाहिलाच नव्हता."

जो हशा उठला तो थांबेना. हसता हसता लोक एकमेकांना पटापट सांगू लागले की आपल्याला आधीपासूनच शंका होती. फक्त नर्स हसली नाही. ती पुढे आली आणि आत्याला म्हणाली, "नगरसेविका नव्हतात, तर मग माझा नळ कशासाठी दुरुस्त केलात?"

आत्याला प्रश्न कळलाच नाही. "वॉशर गेला होता ना त्याचा," ती म्हणाली.

आत्या तेवीस मतांनी निवडून आली. भाचीने दोन्ही गणितं एका फाइलमध्ये घातली, फाइलवर काहीच लिहिलं नाही आणि ती आतोबांच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवली.

पहिल्या सभेला मागच्या बाकावर भाची बसली होती. आत्या पुढे, खुर्चीवर. टाकीचा विषय चौथा होता. अध्यक्षांनी बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं आणि आत्याने व्हॉल्व्ह फिरवून कडक झालेला आपला उजवा हात वर केला. अध्यक्षांची मोजणी संपेपर्यंत तो तसाच सरळ होता, एक अंशही कलला नाही. नऊ विरुद्ध आठ. टाकी मंजूर.

दोघी चालत घरी निघाल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरच्या इमारतीतले एक गृहस्थ भेटले. ते दोन महिने मुलाकडे राहून कालच परतले होते.

"ताई, ऐकलं मी," ते हळहळत म्हणाले. "तुम्ही नगरसेविका नाही म्हणे आता. शाळेतल्या सभेतच सगळं उघड झालं म्हणतात."

"अहो, तसं नाही..." भाची म्हणाली.

"वाईट वाटलं हो. पण खरं सांगू का, रागावू नका. नवा आलेला माणूस कामाचा दिसतो. आत्ताच फोन आला, आल्या आल्या टाकी मंजूर करून घेतली. तुम्हाला पाच वर्षांत जमलं नव्हतं."

भाचीने तोंड उघडलं. आत्याने तिच्या दंडावर हात ठेवला.

"हो, ते बाकी बरं झालं," आत्या म्हणाली.

"मग जाता जाता त्या नव्या माणसाच्या कानावर एक घालाल का? आमच्या मीटरखालून गळतंय. पण तो येईल ना हो बघायला?"

"येईल की," आत्या म्हणाली. "मजला कितवा?"